आप्पा, तुम्ही राजाच्या बाजूचे

आप्पा, भेटायला येणारी माणसं अजून तुमच्या नोकरीबद्दलच बोलतात. मालगाडीचे गार्ड म्हणून तुम्ही किती काटेकोर होता, दौंडच्या यार्डात तुमचा शब्द कसा चालायचा, रिटायर होताना साहेब काय म्हणाले. मी चहा देते आणि ऐकून घेते. त्यात खोटं काही नाही. पण मला आठवतात ते आप्पा हिरवं निशाण दाखवणारे नाहीत. शेवग्याखाली खुर्ची टाकून, मान तिरकी करून बसलेले आणि एका पंखवाल्या सुसरीवर चिडलेले आप्पा मला आठवतात. हे पाहुण्यांना कसं सांगू? सासरा आणि सून पोराटोरांचं जादूचं पुस्तक वाचायचे आणि त्यावरून भांडायचे, असं सांगितलं तर म्हणतील, दुःखानं हिचं डोकं फिरलं.

म्हणून ते तुमच्याशीच बोलते.

काचबिंदूनं तुमची नजर नेली तेव्हा तुम्ही कुणाजवळ हूं की चूं केलं नाहीत. चालणं गेलं नाही, जेवण गेलं नाही, पण वाचन गेलं. मालगाडीच्या शेवटी गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकट्यानं बसून तुम्ही जन्मभर वाचलं होतं. रहस्यकथा, इतिहास, दिवाळी अंक, भज्याच्या पुडीचा कागदसुद्धा. यांनी तुमच्या मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. दोन दिवसांत तुम्ही मोबाइल उशाखाली सारलात. "ही बाई बातम्या दिल्यागत वाचती," म्हणालात. "कुणी मेलं काय, कुणाचं लगीन झालं काय, हिला सगळं सारखंच."

आणि मग तनूचं ते पुस्तक आलं. पोरगी अकरावीला पुण्याला गेली आणि जाताना दोन भागांचे ते इंग्रजी ठोकळे माझ्या हातात ठेवून गेली. "आई, हे वाचच. मग आपण बोलू." यवतच्या शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते, पण घरी आल्यावर इंग्रजी पुस्तक उघडायची हौस मला कधीच नव्हती. पोरीशी बोलायला विषय हवा म्हणून उघडलं. रविवारी दुपारी अंगणात वाचत बसले होते आणि हसू आलं, तर तुम्ही लगेच विचारलंत, "काय वाचती एवढं?"

"काही नाही आप्पा. लहान मुलांचं आहे. राजकन्या, जादू, असलं."

"मग मोठ्यानं वाच की. मला तरी कुठं ड्युटीवर जायचंय?"

वाचायचं म्हणजे इंग्रजीवर नजर ठेवून तोंडानं मराठी बोलायचं. पहिल्याच पानावर ड्रॅगन आला. त्याला काय म्हणू ते सुचेना. मी म्हटलं, सापासारखा असतो, अंगाला खवले, पाय चार, पंख दोन, तोंडातून जाळ काढतो. तुम्ही थोडा विचार केलात. "म्हंजी पंखवाली सुसर," म्हणालात. त्या दिवसापासून आपल्या घरात ती सुसरच झाली. राजकन्येचं नाव तर माझ्याच जिभेवर बसत नव्हतं, म्हणून ती झाली 'पोरगी'. आणि तिला राज्याबाहेर घालवणारा तिचा बाप, त्या बर्फाळ गडाचा राजा, तो झाला 'म्हातारा'.

आता खरं बोलते. पुस्तक काही फार चांगलं नव्हतं. तेव्हाही मला ते कळत होतं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांना रत्नांची उपमा. एकेक लढाई संपता संपत नाही. दोन राजपुत्र पोरीच्या मागे, आणि तिला कोण आवडतो ते वाचणाऱ्याला पहिल्या भेटीतच कळतं, तिला मात्र शेवटपर्यंत कळत नाही. कुठं अडलं की खिशातून एक निळा खडा निघायचा आणि सगळं सुटायचं. खडा निघाला की तुम्ही हात वर करायचात. "आला का सरकारी माल? चला, फुडं." राजपुत्र जवळ आले की मी पानं गाळायचे. सासऱ्यासमोर काय वाचणार? तुम्ही अगदी साळसूदपणे विचारायचात, "दोघं आत्ता तळ्याकाठी व्हते. घरी कवा आले?"

पण त्या रटाळ पुस्तकात एक गोष्ट खरी होती, बाप आणि लेकीची. तिथं आलं की लिहिणारीची भाषा एकदम साधी व्हायची. डोळ्यांतली रत्नं जायची. मी मान वर करून तुमच्याकडे बघायचे आणि पुन्हा खाली बघून वाचायला लागायचे.

कारण शैलाताईंचं नाव आपल्या घरात कुणी घेत नव्हतं. तुमची लेक, माझी नणंद. नर्सिंग शिकताना त्यांनी प्रकाशरावांशी लग्न ठरवलं. शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेला, चर्चमध्ये पेटी वाजवणारा, कारखान्यात नोकरी करणारा शांत माणूस. तुम्ही म्हणालात, या घरात पुन्हा पाय ठेवू नको. मी तेव्हा नवी सून. ओट्याजवळ उभी राहून ऐकलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दोघं शिरूरला जायचो ते तुम्हाला 'नगरला चाललोय' असं सांगून. तुम्ही कधी विचारलं नाहीत की नगरला एवढं काय असतं.

तर पुस्तकात तुम्ही सुरुवातीपासून म्हाताऱ्याच्या बाजूचे. मी पोरीच्या.

"राज्य चालवायचं म्हंजी सोपं हाय का?" तुम्ही म्हणायचात. "लोक काय म्हणतील ते त्याला बघावं लागतंय. पोरगी काय, सुसरीवर बसली आन् उडाली."

"उडाली नाही आप्पा. हाकलली तिला."

"हाकलली खरी. पण त्याला आत काय झालं आसंल ते लिहिलंय का कुठं?"

"नाही लिहिलं."

"मग! अर्धंच पुस्तक हाय हे."

मला हसूही यायचं आणि रागही यायचा. भांडण पुस्तकातल्या राजावरून चालू आहे, असं आपण दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलं होतं. त्या आडोशाला मी तुम्हाला असं काय काय बोलले, जे सून म्हणून समोर उभं राहून कधीच बोलले नसते. आणि तुम्ही ऐकून घेतलंत. कधी उलटून बोललात, पण 'तू गप्प बस' असं एकदाही म्हणाला नाहीत.

मग ते वाक्य आलं. पोरगी परमुलखात एका पाणी भरणाऱ्या बाईच्या झोपडीत राहते आणि त्या बाईला सांगते, 'बापानं मला घालवलं याचा राग केव्हाच गेला. तो माझी वाट बघतो आणि ते कुणाजवळ कबूल करत नाही, याचा राग मात्र जात नाही.'

तुम्ही खुर्चीत सरळ झालात.

"हे पुस्तकात हाय?"

"आहे की."

"का तू घालतीस पदरचं?"

"आप्पा, शपथ घेते. इथं लिहिलंय."

"कुठं? दाखव."

असं म्हणालात आणि हात पुढं केलात. मी पुस्तक तुमच्या हातात दिलं आणि तुमचं बोट त्या ओळीवर ठेवलं. तुम्ही ते बोट ओळीवरून सावकाश फिरवलंत, जशी काही अक्षरं बोटावर उमटणार होती. मग तुम्ही पुस्तक मिटून मला परत दिलंत. "लिहिती बरी," एवढंच म्हणालात. मला वाटतं, शेवटपर्यंत तुमचा थोडा संशय माझ्यावरच होता. आप्पा, ते वाक्य पुस्तकातलंच आहे. मला तसं सुचलं असतं तर मी शाळेत व्याकरण शिकवत बसले नसते.

पहिल्या भागाचा शेवट आपण एका शनिवारी वाचला. राजा आजारी पडतो. पोरीला निरोप जातो. ती सुसरीवर बसून बर्फाच्या वादळातून निघते. इकडे म्हातारा दरवाज्याकडे बघत प्राण सोडतो. ती पोचते तेव्हा सगळं संपलेलं असतं. ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणते, मी तुम्हाला माफ केलं. आणि बाहेर बर्फातून फुलं उगवतात. मला वाचताना हुंदका फुटला. दोन वाक्यं वाचायची, नाक पुसायचं, पुन्हा वाचायचं. संपलं तेव्हा वाटलं तुमचेही डोळे भरले असतील. बघते तर तुम्ही संतापलेले.

"बंद कर ते."

"काय झालं?"

"म्हाताऱ्याला मुद्दाम मारला तिनं."

"कुणी? पोरीनं?"

"लिव्हणारीनं! जिता ठेवला आसता तर त्या दोघांना समोरासमोर बसून बोलावं लागलं आसतं. ते लिव्हायला अवघड. म्हणून मारला, आन् वर फुलं उगवली. मेलेल्याला माफी देऊन काय? त्यानं काय म्हणायचं त्यावर?"

मी चिडले. मला तो शेवट आवडला होता. मी म्हटलं, "आप्पा, सगळ्यांनाच वेळेवर पोचता येत नाही. ज्यांना नाही जमलं त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी पुस्तकात एवढी तरी जागा नको का?"

तुमचा आवाज लगेच उतरला. "तुझ्या वडलांचं आठवलं व्हय?"

माझे वडील गेले तेव्हा मी माहेरी निघाले होते, भिगवणच्या पुढं गाडीतच होते. तुम्हाला ते माहीत होतं, पण इतक्या वर्षांत आपण त्यावर कधी बोललो नव्हतो. मी हो म्हटलं. तुम्ही चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवलात. अर्धा कानावर पडला. "तुझ्यापुरता तो शेवट बराबर हाय," म्हणालात. "माझ्यापुरता न्हाई."

हा वाद आपला तिथंच राहिला आणि तसाच राहणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तुम्ही बाहेर येऊन बसलात आणि यांना म्हणालात, "संजा, गाडी काढ. शिरूरला जायचंय." यांचा ब्रश तोंडातच राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "नगरला न्हाई. शिरूरला."

पाटस गेलं, चौफुला आला. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. रिकाम्या हातानं कसं जायचं? तिथं गोडी शेव घेतली, कारण शैलाताईंना लहानपणी बाजारातून तीच लागायची. न्हावऱ्यापर्यंत तुम्ही ती पिशवी मांडीवर धरून बसला होता. मधेच विचारलंत, "जयू, काय बोलू गं तिथं?" मी म्हटलं, "पहिलं वाक्य निघालं की बाकीचं येतं आप्पा." हे मी वर्गात निबंध लिहायला बसलेल्या पोरांना सांगते. तुम्हालाही तेच सांगितलं.

शैलाताईंनी दार उघडलं. तुम्हाला दिसत नाही हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. तुम्ही त्यांच्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीकडे बघून हात जोडलेत, परक्यासारखे. त्या फक्त "या" म्हणाल्या. आप्पा म्हणाल्या नाहीत. प्रकाशराव पुढं आले, तुमचा हात धरून तुम्हाला खुर्चीपर्यंत नेलं. पाणी झालं. चहा झाला. आणि मग तुमचं पहिलं वाक्य निघालं, तेही भलतंच.

"आम्ही एक पुस्तक वाचलं," तुम्ही म्हणालात. "त्यात एक म्हातारा आसतो."

तुम्ही अख्खी गोष्ट सांगितलीत. गड, बर्फ, सुसर, सगळं. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. शैलाताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला.

"म्हणजे तुम्ही पुस्तकामुळं आलात?"

तुम्ही कपबशी चाचपून बाजूला सारलीत.

"मी फोन केले. दादाबरोबर निरोप धाडले. आई गेली तेव्हा मांडवाच्या बाहेर उभी राहिले आणि तशीच परत आले. तेव्हा माझं ऐकलं नाही. आणि त्या पुस्तकातल्या, नसलेल्या पोरीचं ऐकलं?"

त्यांचं बोलणं खरं होतं. हे खाली बघत होते. बाहेर रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिचा आवाज संपेपर्यंत तुम्ही थांबलात.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तुझं ऐकायचं म्हंजी माझं चुकलं हे तुझ्यासमोर कबूल करायचं. त्याची लाज वाटत व्हती. तिच्यासमोर कसली लाज? ती मला वळखत न्हाई. म्हणून आदी तिचं ऐकलं. आता तुझं ऐकायला आलोय. बोल. जेवढं हाय तेवढं बोल."

आप्पा, मी जन्मभर पुस्तकं वाचली, मुलांना शिकवली. माणूस गोष्टी कशाला वाचतो याचं याहून खरं उत्तर मला कुठं मिळालं नाही.

त्या बोलल्या. मी त्यातलं काही इथं आणणार नाही, ते तुमचं आणि त्यांचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. प्रकाशरावही माझ्यामागून आले आणि उगाच कोथिंबीर निवडत बसले. बऱ्याच वेळानं शैलाताई आत आल्या, तोंडावर पाणी मारलं आणि कणीक भिजवायला घेतली. गळ्यात पडणं, रडणं, तसलं काही झालं नाही. जेवायला बसल्यावर मात्र त्यांनी तुमचं बोट धरून ताटावरून फिरवलं. "उजवीकडं आमटी. इथं भात. वाटीला हात लावू नका, गरम आहे." नर्स जशी पेशंटला सांगते तसं. तुम्ही म्हणालात, "हां." आणि मुकाट्यानं जेवलात. प्रकाशरावांनी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना केली तेव्हा तुम्हीही हातातला घास खाली ठेवून थांबला होता.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, 'आला सरकारी माल.' तसं झालं नाही. शैलाताई दिवाळीत आल्या, पण राहिल्या नाहीत. फोनवर तुम्ही दोघं औषधांवरून भांडायचात. एकदा आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही, आणि तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत. मग पुन्हा फोन सुरू झाले. गोळ्या घेतल्या का, डाव्या कुशीवर झोपू नका, दम लागतो तेव्हा उशी उंच घ्या. एका फोनवर ऐकू आलं, त्या म्हणाल्या, "आप्पा, किती वेळा सांगायचं?" त्या 'आप्पा'च्या पुढचं तुम्ही काही ऐकलंच नाहीत. फोन ठेवलात आणि मला हाक मारून म्हणालात, "दुसरा भाग काढ. म्हातारा मेला त्याचा राग हायच. पण पोरगी काय करती ते तरी बघू."

थंडीत तुमच्या छातीत कफ झाला. दवाखान्यातून तुम्ही हट्टानं घरी आलात. त्या सकाळी श्वास जड झाला तेव्हा यांनी शैलाताईंना फोन लावला. त्या आणि प्रकाशराव लगेच निघाले. मी तुमच्याजवळ बसले होते. तुम्ही विचारलंत, "शैली निघाली का?"

"निघाली आप्पा. येतेय."

"सावकाश ये म्हणावं," तुम्ही म्हणालात. "त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लई."

मग डोळे मिटलेत. पुन्हा काही बोलला नाहीत.

त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीमागंच अडकल्या होत्या. अगदी त्या पुस्तकासारखं झालं, आप्पा. बाप गेलेला, लेक दारात. मला वाटलं, आता त्या पायांवर डोकं ठेवतील, काही बोलतील. त्यांनी तुमच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. कपाळावर हात ठेवला. मग मी त्यांना तुमचं शेवटचं वाक्य सांगितलं. त्या रडता रडता हसल्या. "म्हणजे घाई नव्हती त्यांना," म्हणाल्या.

माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही. त्याची गरज उरली नव्हती.

मला तेव्हापासून त्या पुस्तकाबद्दल काय वाटावं तेच समजत नाही. ते भिकार आहे यात शंका नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ते वाचा म्हणून सांगणार नाही. निळ्या खड्यावर माझा अजून राग आहे. पण त्या पुस्तकानं मला तुमच्यासमोर तोंड उघडायला शिकवलं, आणि तुम्हाला शिरूरचा रस्ता दाखवला. त्याचे उपकार मानायचे तर कुणाचे? लिहिणारीचे, की ती जिथं कमी पडली तिथं तिच्यावर चिडणाऱ्या तुमचे? मला वाटतं तुमचेच. चांगलं पुस्तक वाचून शहाणं होणं सोपं असतं, आप्पा. अर्ध्या-कच्च्या पुस्तकाचा राहिलेला अर्धा भाग स्वतः उठून पुरा करणारे तुम्ही एकटेच मला भेटलात.

तुमचा दहावा झाल्यावर शैलाताई चार दिवस इथंच राहिल्या. जाताना पहिला भाग घेऊन गेल्या. काल फोन आला. आवाजात वैताग होता.

"जयश्री, किती रटाळ आहे गं हे! तुम्ही दोघांनी वाचलं तरी कसं?"

मी म्हटलं, "पुढं पुढं बरं होतं."

"कुठलं बरं! लढाया, लढाया. आणि ते राजपुत्र." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"आणि एक सांगू?" त्या म्हणाल्या. "हिनं राजाला फार वाईट रंगवलाय. इतका काही वाईट नाही गं तो."